हिमरात्रीचा ट्रॅक्टर

नागपूरकरांचा हिमाशी संबंध तसा दुरूनच येतो. आपल्याकडे बर्फ म्हणजे उन्हाळ्यातला रंगीत गोळा, उसाच्या रसात टाकलेला खडा, किंवा फार तर संत्र्याच्या बागा झोडपून जाणारी गारपीट. २३ मे २०१३ रोजी आपल्या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. उन्हाळा आणि थंडी या दोन्हींची टोके आपण पाहिली आहेत. परंतु आकाशातून पडलेले पाणी वाहून न जाता दारात साचून राहते आणि ते उचलून बाजूला टाकल्याखेरीज घराबाहेर पाऊल घालता येत नाही, ही गोष्ट आपल्या अनुभवाच्या कक्षेबाहेरची आहे.

तरीही गेल्या काही वर्षांत ती आपल्या घरांत शिरली आहे. मुले कॅनडा-अमेरिकेत स्थिरावली आहेत आणि आईवडील चार-सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे जातात. दर वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या दवाखान्यात अशी दोन-चार जोडपी फाइल घेऊन येतात. ‘डॉक्टर, हिवाळा मुलाकडे काढायचा आहे, सहा महिन्यांची औषधे लिहून द्या,’ असे म्हणतात. औषधे मी लिहून देतोच. पण ज्या शहरात ते जाणार असतात, तिथली सकाळ कशी असते हे मला पुस्तकांतूनच ठाऊक होते. एका जानेवारीत तीन आठवडे ओटावा येथे राहण्याचा योग आला आणि ती सकाळ, किंबहुना तिच्या आधीची रात्र, मला जवळून पाहता आली.

रस्त्याकडेच्या काठ्या

ओटावा ही कॅनडाची राजधानी. त्याच नावाच्या नदीच्या काठी वसलेले हे शहर शांत आणि ऐसपैस आहे. शहरातून वाहणारा रिडो कालवा १८३२ साली खुला झाला आणि २००७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हिवाळ्यात तो गोठतो आणि त्याच्या ७.८ किलोमीटर लांबीवर आबालवृद्ध बर्फावरून घसरत फिरतात. जानेवारीत येथील सरासरी तापमान उणे दहा अंशांच्या आसपास असते आणि वर्षाकाठी पडणारे हिम दोन मीटरच्या घरात जाते.

माझी आतेबहीण आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, शहराच्या दक्षिणेकडील बारहेवन या उपनगरात मुलाकडे राहायला आले होते. भाऊजी चौऱ्याहत्तर वर्षांचे, वर्धा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले, निवृत्त शिक्षक. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला होता.

पहिल्या दिवशी माझे लक्ष वेधले ते घरापुढच्या काठ्यांनी. प्रत्येक घराच्या गॅरेजपासून रस्त्यापर्यंत एक फरसबंद वाट असते. तिला ड्राइव्ह-वे म्हणतात. या वाटेच्या दोन्ही अंगांना कमरेएवढ्या उंचीच्या, टोकाला चकाकणारी पट्टी लावलेल्या रंगीत काठ्या रोवलेल्या होत्या. भाच्याने खुलासा केला की या ठेकेदाराच्या खुणा. हंगामाचा ठेका दिला की जमीन गोठण्यापूर्वीच तो येऊन काठ्या रोवून जातो. पुढे सगळे पांढरे झाले की फरशी कुठे संपते आणि हिरवळ कुठे सुरू होते, हे रात्रीच्या अंधारात ट्रॅक्टरवाल्याला या काठ्यांवरूनच कळते.

रात्री दोन वाजता

हिवाळ्यात ओटावाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तिथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा नागपुरात दुपारचे साडेबारा झालेले असतात. त्यामुळे पहिले काही दिवस नव्याने आलेल्या माणसाला रात्री टक्क जाग असते. भाऊजींना येऊन दीड महिना झाला होता, तरी त्यांची झोप जुन्या सवयीने चारच्या आत संपत असे. हिमवृष्टीच्या त्या पहिल्या रात्री आम्ही दोघेही खिडकीशी बसलो होतो.

हिम पडताना आवाज होत नाही. पावसाची सवय असलेल्या कानांना ही शांतता चमत्कारिक वाटते. ताजे हिम भुसभुशीत असते आणि आवाज शोषून घेते, त्यामुळे एरवी ऐकू येणारी दूरची रहदारीही थांबल्यासारखी वाटते. अशा त्या निःशब्दतेत दोनच्या सुमारास घरघर ऐकू आली आणि गल्लीच्या टोकाशी पिवळा दिवा फिरताना दिसला.

तो एक आटोपशीर ट्रॅक्टर होता. चालकाची केबिन काचेने बंद केलेली आणि आतून उबदार. मागच्या बाजूला ब्लोअर जोडलेला. तो घरापुढे आला, ब्लोअर उचलून धरत उलटा गॅरेजच्या दारापर्यंत गेला, तिथे त्याने ब्लोअर जमिनीला टेकवला आणि मग सरळ रस्त्याकडे चालत निघाला. ब्लोअरमधली मळसूत्री पाती हिम खेचून घेत होती आणि वरच्या धुराड्यासारख्या नळीतून त्याचा पांढरा फवारा बाजूच्या हिरवळीवर उडत होता. दुसऱ्या फेरीत उरलेली पट्टी निघाली. सगळे काम चार-पाच मिनिटांत संपले आणि दिवा शेजारच्या घराकडे वळला.

भाऊजी शेतकऱ्याच्या घरचे. ‘हे तर आपल्या रोटाव्हेटरसारखंच दिसते हो डॉक्टर. पीटीओवरच चालत असेल,’ ते म्हणाले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. इंजिनाची शक्ती मागच्या अवजाराला देणारा तोच दांडा, तीच तीन बिंदूंची जोडणी. उन्हाळ्यात शेतात किंवा बागकामात राबणारा ट्रॅक्टर हिवाळ्यात हे काम करतो. आपल्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आहे आणि महिंद्रचे ट्रॅक्टर १९९४ पासून अमेरिकेतही विकले जातात, याची भाऊजींना त्या रात्री मोठ्या अभिमानाने आठवण झाली.

हे काम रात्रीच का, याचे उत्तर सोपे आहे. लोक सकाळी सात-साडेसातला कामावर निघतात. त्यापूर्वी वाट मोकळी हवी. रात्री रस्ते रिकामे असतात, आणि ताजे हिम हलके असते. दिवसभर त्यावरून चाके फिरली, थोडे ऊन लागून ते वितळले आणि पुन्हा गोठले, की त्याचा दगड होतो.

एका वाटेवरचे हिम किती जड?

हिम कापसासारखे दिसते, म्हणून ते हलके असेल असे आपल्याला वाटते. थोडा हिशेब करू. सहा मीटर रुंद आणि दहा मीटर लांब अशी वाट धरली तर तिचे क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. तिच्यावर वीस सेंटिमीटर ताजे हिम पडले. सर्वसाधारण ठोकताळा असा की दहा सेंटिमीटर हिम वितळले तर एक सेंटिमीटर पाणी होते. म्हणजे या वाटेवर दोन सेंटिमीटर पाण्याइतका भार आहे. तो भरतो १,२०० लिटर, अर्थात १,२०० किलो. आपल्याकडच्या पन्नास किलोच्या चोवीस गोण्या! ओले किंवा दबलेले हिम याहून कितीतरी जड असते.

या वजनाचा सर्वांत वाईट भाग वाटेच्या तोंडाशी असतो. मुख्य रस्ता मोकळा करण्यासाठी नगरपालिकेची मोठी गाडी येते. तिच्यापुढे लोखंडी पाते असते आणि तिला प्लाऊ, म्हणजे नांगरच, म्हणतात. ती रस्त्यावरचे हिम कडेला ढकलत जाते आणि त्याचा एक बांध प्रत्येक घराच्या वाटेवर आडवा उभा राहतो. हा बांध दबलेला, मीठमिश्रित आणि ढेकळांनी भरलेला असतो. ट्रॅक्टर दोनला येऊन गेला आणि प्लाऊ पाचला आला, तर सकाळी उठणाऱ्याला मोकळी वाट आणि तिच्या टोकाला गुडघाभर बांध दिसतो. याच बांधापाशी घरातला वडीलधारा माणूस फावडे हातात घेतो.

हृदयावर काय गुजरते

फावड्याने हिम काढणे हा वरकरणी घरगुती व्यायाम वाटतो. वैद्यकीय दृष्टीने मात्र त्यात हृदयाला त्रास देणाऱ्या चार-पाच गोष्टी एकाच वेळी घडतात. थंड हवेने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही आकसू शकतात. काम मुख्यतः हातांनी होते आणि हातांच्या कामाने नाडी व रक्तदाब पायांच्या कामापेक्षा अधिक वाढतात. वजन उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, त्याने दाब आणखी उसळतो. पाय मात्र जागच्या जागी रोवलेले असतात. आणि हे सारे सकाळच्या त्या प्रहरात घडते, ज्या वेळी हृदयविकाराचे झटके मुळातच अधिक येतात.

१९९५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक छोटा पण बोलका अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा निरोगी, परंतु व्यायामाची सवय नसलेल्या तरुण पुरुषांना ओले, जड हिम फावड्याने काढायला सांगितले. अवघ्या दोन मिनिटांत त्यांची नाडी व्यायामासाठी सुरक्षित मानलेल्या वरच्या मर्यादेपलीकडे गेली. याच लोकांनी ढकलण्याच्या यंत्राने हिम काढले तेव्हा नाडी बरीच कमी राहिली. ही अवस्था तिशीतल्या पुरुषांची. सत्तरीतल्या, स्टेंट बसवलेल्या हृदयाची कल्पना वाचकांनीच करावी.

ओटावा नदीच्या पलीकडे क्वेबेक प्रांत आहे. तेथील १९८१ ते २०१४ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी वीस सेंटिमीटर हिम पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू येण्याची शक्यता हिम न पडलेल्या दिवसाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशाने वाढलेली आढळली. स्त्रियांमध्ये असा ठळक संबंध दिसला नाही. फावडे बहुधा पुरुषांच्या हाती असते, हे त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी मांडले आहे.

जबड्यातली कळ

त्या हिमवृष्टीच्या दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी भाऊजी सहज म्हणाले, ‘इथल्या थंडीनं सकाळी जबडा ठणकतो. आत येऊन पाच मिनिटं बसलं की थांबते.’ मी विचारले, ‘केव्हा ठणकतो?’ थोडे आढेवेढे घेऊन त्यांनी सांगितले की प्लाऊ जाऊन गेल्यावर तोंडाशी साचलेला बांध ते रोज फोडत होते. आधी नाही, काम सुरू केल्यावरच कळ येई आणि थांबल्यावर जाई.

श्रमाने येणारी आणि विश्रांतीने जाणारी कळ छातीत असो, जबड्यात असो, खांद्यात असो वा डाव्या हातात, ती हृदयाची असू शकते. स्टेंट बसवलेल्या माणसात तर तसेच गृहीत धरावे. ताई घाबरली, भाचा चिडला. ‘बाबा, किती वेळा सांगितलं तुम्हाला!’ भाऊजी गप्प बसून होते. मग हलकेच म्हणाले, ‘पोरगा रात्री अकरापर्यंत कॉम्प्युटरसमोर असतो. सकाळी उठून तो बर्फ काढणार अन् मी खिडकीतून पाहत बसणार? बरं नाही दिसत हो.’

त्याच दिवशी आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. रक्ततपासणीत झटका आलेला नव्हता, परंतु पुढील तपासणीत दुसऱ्या एका रक्तवाहिनीत अरुंदपणा आढळला आणि वेळीच उपचार झाले. प्रवासापूर्वी विमा घेताना जुन्या स्टेंटची माहिती प्रामाणिकपणे लिहिली होती, त्यामुळे खर्चाचा प्रश्न चिघळला नाही. आणखी एक गोष्ट नंतर कळली. भाच्याच्या ठेक्यात प्लाऊ जाऊन गेल्यावर बांध काढण्यासाठी ट्रॅक्टरची दुसरी फेरी समाविष्टच होती. घरात ती कोणी भाऊजींना सांगितली नव्हती. ते दोन तास थांबले असते तर ट्रॅक्टर आपणहून आला असता.

भाऊजींचे ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही. जन्मभर राबलेल्या माणसाला रिकामे बसणे अपमानासारखे वाटते. ‘तुम्ही काही करू नका’ हे वाक्य मुले प्रेमाने म्हणतात. आईवडिलांना ते ‘तुमची गरज नाही’ असे ऐकू येते. म्हणून नुसते फावडे काढून घेणे पुरेसे नसते, त्या जागी दुसरे काम द्यावे लागते. आम्ही भाऊजींकडे रात्रीची जबाबदारी सोपवली. हिमाचा अंदाज पाहायचा, दहाच्या आत वाटेतील कचऱ्याचे डबे आणि पायपुसणी आत घ्यायला नातवाला सांगायचे, गाडी गॅरेजमध्ये गेली की नाही हे पाहायचे, दारावरचा दिवा लावायचा. ट्रॅक्टरच्या पात्यांत अडकेल अशी एकही वस्तू वाटेवर राहू नये, हे काम खरोखर महत्त्वाचे असते. भाऊजींनी त्यासाठी एक वही घातली आणि किती वाजता ट्रॅक्टर आला, किती वाजता प्लाऊ आला, हेही तीत लिहू लागले.

ओटावाच्या नगरपालिकेनेही ही गरज ओळखली आहे. तिथे ‘स्नो गो’ नावाचा उपक्रम आहे. वाट मोकळी करून देणारा माणूस शोधायला तो ज्येष्ठांना आणि अपंगांना मदत करतो. कमी उत्पन्न असलेल्यांना या खर्चात साहाय्य देण्याचीही सोय आहे. वृद्धाच्या हातातले फावडे समाजाने आपल्या हाती घ्यावे, ही कल्पना मला फार मोलाची वाटली.

हिमाच्या गावी जाणाऱ्यांसाठी

पालकांना बोलावणाऱ्या मुलांनी आणि जाणाऱ्या ज्येष्ठांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा दमा असेल तर निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. साडेदहा तासांच्या फरकाने गोळ्यांच्या, विशेषतः इन्सुलिनच्या, वेळा कशा बदलायच्या हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. त्यातील जुन्या आजारांविषयीचे कलम मुलाने आईवडिलांसोबत बसून वाचावे. काहीही लपवू नये.

हिम काढण्याचा ठेका असेल तर तो ट्रॅक्टर किती हिमाला येतो, प्लाऊनंतर दुसरी फेरी आहे का, पायऱ्या कोण साफ करणार, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे. ट्रॅक्टर चालू असताना बाहेर जाऊ नये. चालकाला मागचे सगळे दिसतेच असे नाही. कोणत्याही ब्लोअरमध्ये अडकलेले हिम हाताने काढू नये.

गाडी गरम करण्यासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

निसरड्यावर चालताना पावले लहान टाकावीत, तळवा सपाट टेकवावा, हात खिशात घालू नयेत. आपल्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे महिनोन् महिन्यांचे परावलंबन.

श्रम करताना छाती, जबडा, खांदा वा हात दुखला, धाप लागली, घाम फुटला, तर थांबावे, घरच्यांना सांगावे. बसूनही थांबले नाही तर तिथे ९११ आणि आपल्याकडे १०८ या क्रमांकावर विनाविलंब फोन करावा.

आणि नागपुरात राहणाऱ्यांसाठी

ज्यांना परदेशी जायचे नाही त्यांनाही हा धडा लागू पडतो. आपल्याकडे हिम नाही, पण त्याची भावंडे आहेत. मे महिन्यात कूलरमध्ये बादल्यांनी पाणी भरणे, दिवाळीपूर्वी गच्चीवरची टाकी घासणे, वर्षाचे गहू गाडीतून उतरवून घरात आणणे, डिसेंबरच्या कडाक्यात पहाटे पाचला अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठी भराभर चालायला निघणे. अचानक केलेले जड काम, हवामानाचे टोक आणि सवय सुटलेले शरीर ही तिन्ही जिथे एकत्र येतात, तिथे हृदयाची परीक्षा असते. भर उन्हात बाहेर पडू नये, हे आपल्या वाडवडिलांना कोणी अभ्यास करून सांगितले नव्हते. वेळ पाहून काम करायचे हे शहाणपण त्यांच्याकडे होतेच. थंडीलाही तोच नियम लावावा. ऊन थोडे वर येऊ द्यावे, कान-छाती झाकावी, हळू सुरुवात करावी आणि जड काम दुसऱ्याच्या हाती द्यावे.

दुसऱ्याच्या हाती काम देणे हे अनेकांना जड जाते. पण जो तरुण रात्री दोनला उणे पंधरा अंशांत ट्रॅक्टर घेऊन घरोघर फिरतो, त्याचा तो रोजगार आहे आणि त्याच्याजवळ त्यासाठीचे यंत्र आहे. आपल्याजवळ असते ते एकच हृदय, आणि त्याने सत्तर वर्षे एकही सुट्टी घेतलेली नसते. त्याचा भार थोडा हलका करणे याला आळस म्हणू नये. घरातल्या तरुणांनी मोठ्यांना वेळीच सांगावे की आमच्यासाठी तुम्ही राबण्यापेक्षा आमच्यासोबत तुम्ही असणे अधिक हवे आहे. आणि मोठ्यांनी ते एकदा तरी खरे मानून पाहावे.